दस्तीखालची विलायती

परवा माझ्या पुतण्याचा पुण्याहून फोन आला. त्याच्या परदेशी गाडीचा पुढचा एक दिवा रिक्षाच्या धक्क्यानं फुटला होता. कंपनीच्या माणसानं त्या एका दिव्याचा जो आकडा सांगितला, तेवढ्यात माझ्या लातूरच्या दुकानातून देशी गाडीचं अख्खं तोंड, बंपर, जाळी आणि दोन्ही दिव्यांसकट गेलं असतं आणि बसवणाऱ्याला चहा पाजूनही पैसे उरले असते. "काका, दुसरीकडं स्वस्त मिळेल का?" मी म्हटलं, "घेताना मला विचारलं होतंस का?" त्यानं विचारलं नव्हतं. त्याच्या बापानं विचारलं नव्हतं आणि माझ्या बापानंही विचारलं नव्हतं. आमच्या घराण्याची ही रीतच आहे. गाडी घेताना मला विचारायचं नाही आणि बंद पडली की मलाच हाक मारायची. आता रक्तदाबाची गोळी घेतल्याशिवाय डॉक्टर मला चिडू देत नाहीत, म्हणून जे बोलायचं ते लिहून ठेवतो. गाड्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. माझं भांडण कंपन्यांशी नाही, घरातल्यांशी आहे.

आमचं घर अहमदपूरला, जनावरांच्या बाजारामागच्या गल्लीत. अप्पा, म्हणजे माझे वडील, बैलांचे दलाल. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारपासूनच गल्लीत घुंगरांचा आवाज सुरू व्हायचा, मग कडबा तोडणाऱ्या कुऱ्हाडीचा, मग दूरच्या गावांहून चालत आलेल्या बैलांच्या फुरफुरण्याचा. त्या सगळ्यात अव्वाच्या भाकरी थापण्याचा आवाज मिसळलेला असे. अव्वा म्हणजे आई. आमच्या लिंगायत घरांत असंच म्हणतात. बाजाराच्या दिवशी ती ज्वारीच्या भाकरींची उतरंड रचून ठेवायची, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, करडईच्या तेलाची धार आणि चिंचेचं आंबट वरण. सौदा मोठा झाला तर संध्याकाळी गव्हाची हुग्गी, म्हणजे गूळ घातलेली खीर. त्यामुळं अप्पा दारात पाय धुवायला थांबले की मी त्यांच्या तोंडाकडं नाही, चुलीकडं बघायचो. चुलीवर गूळ असला तर दिवस चांगला गेला.

अप्पांच्या खांद्यावर बारा महिने एक पंचा असायचा. त्याला आमच्याकडं दस्ती म्हणतात. घाम पुसायला तिचा उपयोग नव्हता. ती त्यांची तिजोरी होती. बैलाचा भाव आमच्या बाजारात तोंडानं कुणी सांगत नसे. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घेत, वर दस्ती टाकत आणि तिच्याखाली बोटं दाबून भाव करत. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी बोटं काय बोलली ते दोघांनाच ठाऊक. एकदा मूठ आवळली की सौदा पक्का. तो मोडता येत नाही. आणि तो आकडा मरेपर्यंत तिसऱ्या माणसापुढं उच्चारायचा नाही. ज्यानं उच्चारला त्याच्या हातात बाजारात पुन्हा कुणी हात दिला नाही. मी धंद्याचं जे शिकलो ते या दस्तीखाली, आणि माझी तक्रारही तिच्याचखालची आहे.

बारावीला गचकल्यावर मी नांदेडच्या रस्त्यावर धावणाऱ्या एका भाड्याच्या देशी मोटारीवर क्लीनर म्हणून बसलो होतो, पुढं ड्रायव्हर झालो. ती मोटार आठवड्यातून एकदा तरी रुसायची. पाणी गळायला लागलं तर आम्ही रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायचो. पेट्रोलच्या टाकीला भोक पडलं तर कपडे धुण्याचा साबण चोपडायचो. पंख्याचा पट्टा तुटला तेव्हा मी अप्पांच्या ओसरीवरची वेसणीची दोरी बांधून नांदेड गाठलं होतं. आणि खरंच मोठं काही मोडलं, तर कुठल्याही फाट्यावर लिंबाखाली वेल्डिंगवाला बसलेलाच असे. तिचं दुखणं सगळ्यांच्या ओळखीचं होतं आणि तिचं औषध किराणा दुकानात मिळायचं. तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी मी आजही गिऱ्हाइकांना फुकट सांगतो: देशी गाडी रोज आजारी पडते, पण मरत नाही. बाहेरची गाडी आजारी पडत नाही, एकदम मरते.

तर अप्पांच्या मनात आलं की लगीनसराईला भाड्यानं द्यायला घरची मोटार घ्यावी. मी म्हटलं, नांदेडला एक देशी मोटार विकायला आहे, टॅक्सीत झिजलेली, पण मी तिला ओळखतो. माझा थोरला भाऊ मल्लूदादा म्हणाला, उदगीरला एका जुन्या वकिलांच्या घरी विलायती मोटार आहे, काळी, आरशासारखी. ती कुठल्या देशाची हे आमच्या घरात कुणालाच सांगता आलं नसतं. विलायती एवढं पुरे होतं. दादा कॉलेजात होता, त्याच्या शर्टाला इस्त्री होती आणि माझ्या शर्टाला ग्रीस. अप्पा उदगीरला निघाले. मीही हट्टानं गेलो.

अप्पांनी ती मोटार बैलासारखी बघितली. माझ्या आयुष्यात मी एवढी देखणी आणि एवढी चुकीची पारख पाहिली नाही. आधी लांबून एक फेरी. मग चाकांपाशी बसून खूर बघावेत तसं रबर दाबून बघितलं. बॉनेटवर तळवा ठेवला आणि डोळे मिटून बैलाचा श्वास ऐकावा तसं इंजिन ऐकलं. "दमा न्हाई," ते म्हणाले. मग दादाला ती हळूहळू पुढं न्यायला लावली आणि मागून तिची चाल बघितली. "लंगडत न्हाई. दचकत न्हाई. खोड दिसत न्हाई." वकिलांचा मुलगा आधी हसला, मग हळूहळू त्याचा चेहरा गंभीर झाला, कारण एवढ्या आदरानं त्याच्या गाडीकडं कुणी पाहिलं नव्हतं. अप्पांनी खांद्यावरची दस्ती काढली. मी पुढं झालो.

"अप्पा, हिचा एखादा भाग मोडला तर मिळतो कुठं, ते इचारा."

"मधी बोलू नको."

"बैलाला कडबा कुठंबी मिळतोय. हिचा कडबा कुठं हाय?"

आजही माझं म्हणणं आहे की त्या वाक्यात मोटारीच्या धंद्याचं सगळं शहाणपण होतं. त्याचं बक्षीस म्हणून वकिलांच्या अंगणात, त्यांच्या बायकामुलांसमोर, माझ्या कानाखाली अप्पांचा हात बसला. "दात मोजताना भुंकायचं नसतंय," ते म्हणाले. मग दस्ती पडली, बोटं बोलली, मूठ आवळली. विलायती आमची झाली. परत येताना ती एवढी गुळगुळीत चालली की दादा गाणं म्हणत होता आणि अप्पांना झोप लागली. मी मागच्या सीटवर कान चोळत बसलो होतो.

आणि खोटं कशाला लिहू, त्या गाडीनं दोन सराया एकदाही कुरकुर केली नाही. लातूर, नांदेड, नायगाव, कुठंही न्या. किल्ली फिरवली की मांजरासारखी घुर्र. अव्वा तिच्यावरून रोज मीठमोहऱ्या उतरवायची. गल्लीतली पोरं तिच्या काचेत बघून भांग पाडायची. भाडं देशी मोटारीच्या दुप्पट, आणि लोक आनंदानं देत. आमच्याकडं लग्नाआधी परण्या निघतो. नवरदेव सजून, वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो आणि मग मांडवात येतो. त्या परण्याला विलायती पाहिजे म्हणून लोक लग्नाचा मुहूर्त हलवायला तयार होते. माझी देशी मोटार त्याच रस्त्यावर बॉनेट वर करून उभी दिसली की दादा हॉर्न देऊन जायचा. संध्याकाळी जेवताना अप्पा विचारायचे, "काय बस्या, आज कुठं बसली तुझी म्हातारी?" आणि दादा म्हणायचा, "विलायतीला कडबा लागतच न्हाई अप्पा, ती उपाशीच पळती." अव्वा पदरात हसायची. मी भाकरी तशीच टाकून उठायचो. माझं डोकं तेव्हाही तापटच होतं, फरक एवढाच की तेव्हा गोळ्या नव्हत्या.

तिसऱ्या सराईच्या तोंडाशी नायगावहून येताना तिचा पाण्याचा पंप गेला. पंप ही किती किरकोळ गोष्ट! देशी गाडीचा पंप जातो, शिट्टी वाजते, तुम्ही थांबता. पण हिला रडायची सवय नव्हती आणि दादाला तिचं रडणं ऐकायची. काटा लाल झाला तरी "विलायती हाय, काय होतंय" म्हणत तो गाडी दामटत राहिला. अहमदपूरच्या अलीकडं ती थांबली. इंजिन आतून तडकलं होतं. बैल जोडून तिला घरी आणली. गल्लीतून ती बैलांमागून येत होती, तेव्हा अप्पा ओसरीवर उभे होते. ते खाली उतरून बैल सोडायला लागले, मी चाकाला दगड लावला. पण माझ्या तोंडावर काय होतं ते अव्वानं बघितलं असावं. ती म्हणाली, "बस्या, हसलास तर जेवायला न्हाई."

मग कडब्याचा शोध सुरू झाला. नांदेडला कुणी तसलं इंजिन पाहिलेलंही नव्हतं. हैदराबादच्या माणसानं मुंबईचा पत्ता दिला, मुंबईच्या माणसानं सांगितलं, बाहेरून मागवावं लागेल, पैसे आधी, तीन-चार महिने धरा. जो आकडा त्यानं सांगितला, त्यात नांदेडची ती झिजकी टॅक्सी चाकांसकट आली असती. देशी पंप जेवढ्याला मिळतो तेवढे तर आमचे नुसत्या ट्रंक कॉलला गेले.

खरी अडचण वेगळीच होती. जळकोटच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि अप्पांनी परण्याला विलायती देतो म्हणून इसार घेतला होता. तो व्यापारी म्हणजे अप्पांचं बैलांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. इसार परत करता आला असता, पण शब्द? दलालाकडं दुकान नसतं, माल नसतो, शब्द असतो. एकदा तो मोडला की दस्तीखाली हात कोण देणार? अप्पांनी जेवण कमी केलं. बाजारात जाताना आता ते मोठ्या रस्त्यानं न जाता मागच्या बोळानं जायला लागले. एवढं मात्र मला बघवेना.

मी नांदेडला मौला मिस्त्रीकडं गेलो. मोठा बोलघेवडा आणि पैशाला पक्का माणूस. माझं म्हणणं असं होतं की विलायतीचं इंजिन काढून टाकायचं आणि तिथं उलटलेल्या एका देशी टेम्पोचं डिझेल इंजिन बसवायचं. तो पोट धरून हसला. "क्या रे बाबा, नवाब के शेरवानी में हमाल कू बिठाता?" मी म्हटलं, "चलेगा क्या नै, वो बोल." तो तीनदा नक्को म्हणाला, चहा प्यायला आणि मग म्हणाला, "चलेगा. दिखेगा नवाब, खांसेगा हमाल." इंजिनाचा आणि मजुरीचा सौदा गाडी चालू झाल्यावर येणाऱ्या सराईच्या निम्म्या भाड्यावर ठरला. पण दुसऱ्याच्या गाडीवर मी माझी सराई का गहाण टाकू? मी घरी आलो आणि अप्पांना म्हणालो, "गाडी मला इका. जळकोटच्या परण्याला ती दारात उभी करतो."

"गाडी मेली हाय," दादा म्हणाला.

"मेलेलीच मागतोय."

अप्पांनी माझ्याकडं नवीन जनावराकडं बघावं तसं बघितलं. "पोटचं पोरगं बापाशी सौदा करतंय? मी अडलोय म्हणून?"

"तुमीच शिकवलंत. अडलेल्याशीच सौदा करावा."

ते ताडकन उठले. पण मधे अव्वा आली, हात पिठानं भरलेले. "माझ्या घरात बापलेकाचा सौदा व्हायचा न्हाई. करायचा असंल तर बाजारात जावा. परक्यासारखं करा आन् घरी जेवायला या."

आम्ही बाजारात गेलो. भर दुपार, सगळे दलाल हजर. बातमी आमच्या आधी पोचली होती. "अप्पा, पोराचे दात मोजून घ्या!" कुणीतरी ओरडलं. "सहादाती हाय, ऐन जवानीतला, जपून!" अप्पांनी दस्ती काढली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर हात धरला, बापासारखा नाही, दलालासारखा. मी हात दिला. वरून दस्ती पडली.

मला वाटलं होतं, मेलेली गाडी आहे, अडलेला माणूस आहे, समोर पोटचा पोरगा आहे. पंधरा दिवसांच्या वासराच्या भावात सुटेल. मी बोटं दाबली. अप्पांच्या तोंडावरची माशी हलली नाही. त्यांनी माझी बोटं अशी पिळली की हाड वाजलं, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी तोंड उघडणार होतो. पण सौद्यात तोंड उघडत नाहीत. मी थोडा चढलो. ते जागचे हलले नाहीत. मी पुन्हा चढलो. घामानं बोटं घसरायला लागली. मी हात काढून घेणार, तोच ते हळूच म्हणाले, "जळकोटला मी चालत जाऊन पाया पडंन. मला शरम न्हाई. तुझं काय?" त्यांना ठाऊक होतं की अडलेला मीच आहे. मला ती गाडी पाहिजेच होती, आणि का पाहिजे होती तेही त्यांना ठाऊक होतं. मी मूठ आवळली. दोन वर्षांची माझी सगळी शिल्लक त्या मुठीत गेली. लोक टाळ्या वाजवत होते. संध्याकाळी चुलीवर हुग्गी होती.

मौलाकडं दोन आठवडे मी ग्रीस खाल्लं. नवं इंजिन उंच निघालं, बॉनेट बसेना. मग बॉनेट कापून त्याला वशिंडासारखा उंचवटा केला आणि काळा रंग मारला. गाडी चालू झाली, पण आवाज विहिरीवरच्या पंपाचा. शिवाय बॅटरी त्या इंजिनाला पुरत नव्हती. एकदा बंद केलं की ढकलल्याशिवाय पुन्हा सुरू होणार नाही. म्हणून जळकोटला पोचल्याबरोबर मी आधी बँडवाल्याला गाठलं, आणि परण्या संपेपर्यंत वाजवणं थांबवायचं नाही असा त्याच्याशी वेगळा सौदा केला. अप्पा नवरदेवाच्या बापाशेजारी उभे होते. त्यांनी बॉनेटवरचं वशिंड बघितलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

परण्या झोकात निघाला. ढोल, ताशे, पिपाण्या. कुणाला काही ऐकू येत नव्हतं. पण मारुतीच्या पारावर पूजा सुरू झाली आणि पुजाऱ्यानं हात वर केल्याबरोबर बँड थांबला. माझ्याशी केलेला सौदा देवापुढं चालला नाही. त्या शांततेत माझी विलायती एकटीच बोलायला लागली. डगडगडगडग. सगळं वऱ्हाड वळलं. मी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिलो. नवरदेवाचे आजोबा काठी टेकत गाडीजवळ आले आणि कान लावून म्हणाले, "आवाज आपल्या हिरीवरच्या इंजनावानी येतोय की हो?"

व्यापारी अप्पांकडं बघत होता. अप्पा पुढं आले, बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटून ऐकलं.

"विलायती हाय," ते म्हणाले. "थंड मुलखातली. तिकडं असाच आवाज असतोय."

"आसं व्हय," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी इतरांना समजावून सांगितलं की थंडीमुळं तिकडं असंच असतं. नवरदेव पाया पडून आला, पुन्हा ताशे वाजले, शब्द राहिला.

त्यानंतर ती गाडी मी किती वर्षं चालवली ते मोजलं नाही. इंजिन दोनदा बदललं, देशीच. पंप, पट्टे, नळ्या, सगळ्याचा कडबा रस्त्यावर मिळत गेला. तिच्या भाड्यातून मौलाचे निम्मे चुकते केले, लातूरला सुट्या भागांचं दुकान टाकलं, मग शेजारचा गाळा घेतला. आता देशी-विदेशी असं काही राहिलेलं नाही हे मलाही कळतं. बाहेरच्या गाड्या इथंच बनतात, इथल्या गाड्यांचे भाग बाहेरून येतात. पण गाडी घेणाऱ्याला मी अजून एकच प्रश्न विचारायला सांगतो, जो विचारल्याबद्दल मला थोबाडीत बसली होती.

म्हातारपणी अप्पा लातूरला माझ्याकडं राहायला आले. दुकानासमोर ती विलायती उभी असायची आणि तिच्याशेजारी खुर्ची टाकून अप्पा, खांद्यावर दस्ती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मी घेतलेली. उदगीरहून. दमा न्हाई, खोड न्हाई. बघा, अजून चालती. विलायती ती विलायती!" मी काउंटरमागं दात-ओठ खायचो. एक दिवस दुकानात चार गिऱ्हाइकं असताना माझं डोकं फिरलं. बाहेर आलो आणि बॉनेट वर केलं. "बघा हे इंजिन. देशी हाय, नांदेडचं. विलायतीत विलायती फक्त पत्रा उरलाय!"

अप्पांनी चष्मा सारखा केला, वाकून आत बघितलं. "आसंल," ते म्हणाले. "बैल कुठला का आसंना, गाडी कुणाची ते इचारावं. गाडी माझी हाय."

"तुमची कशी? इकली तुमी मला. भर बाजारात!"

"इकली?" अप्पांनी गिऱ्हाइकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. खांद्यावरची दस्ती सावकाश सारखी केली. "कितीला इकली? सांग की ह्यांना."

चौघं माझ्या तोंडाकडं बघायला लागले. आकडा जिभेवर आला होता. अप्पा वाट बघत होते आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं. मी बॉनेट खाली घेतलं आणि दुकानातल्या पोराला पाच चहा सांगितले.

अप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो आकडा माहीत असणारा मी एकटाच उरलोय, आणि तो माझ्या तोंडून निघणार नाही. पण महाग होता. एवढं लिहायला बाजाराची हरकत नसावी. फार महाग होता.